सरुबाईचं पहिलं पाणी

सुकलालचा फोन आला तेव्हा सरुबाई साडेसात एचपीच्या मोटरीत तांब्याची वायर भरत होती. बावीस वर्षं ती हेच करते आहे. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ 'लीलाधर मोटर वाइंडिंग' अशी पाटी असलेलं दुकान आहे. पाटीवरचा लीलाधर म्हणजे तिचा नवरा, आणि पाटीखाली बसून मोटरी भरते ती सरुबाई. केळीवाल्यांच्या बोअरमधला सबमर्सिबल पंप जळाला की लीलाधर जाऊन तो ओढून काढतो आणि दुकानात आणून टाकतो. सरुबाई तो उघडते, जळकी वायर उपटते, नवी भरते. मग लीलाधर तो परत नेऊन बोअरमध्ये सोडतो.

आणि पाणी आलं की मान त्याचा. त्याच्या गिऱ्हाइकांत रीतच आहे, पहिलं पाणी मिस्त्रीचं. पाइपातून पहिली धार उसळली की आधी मिस्त्रीने तिच्यात हात धुवायचे, मग शेतकऱ्याने नारळ फोडायचा, मग बाकीचं जग. लीलाधर माणूस वाईट नाही. दरवेळी तो आठवणीने फोन लावतो, धारेजवळ धरतो आणि म्हणतो, "ऐक, पाणी आलं." सरुबाई दुकानात बसून ऐकते. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने एकदा मळ्यावर येऊ का म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला होता, दुकान उघडं राहिलं पाहिजे ना. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते बावीस वर्षं खरंच राहिलं. हजारांवर मोटरी तिच्या हाताखालून गेल्या, पण आपली भरलेली मोटर पाणी फेकताना तिने एकदाही पाहिली नव्हती. ही गोष्ट तिला डाचायची, आणि ती कुणाला सांगायची नाही.

तर त्या दिवशी साडेदहाला सुकलाल, त्यांचं एक जुनं केळीवालं गिऱ्हाईक, फोनवर म्हणाला, "भाभी, टाकीतला पंप बसी गया. जल्दी या. शहापूर रोडवर, माझ्या मळ्याच्या फाट्यावर."

लीलाधर भल्या सकाळी जसोंडीला मोटर काढायला गेला होता. सरुबाईने सवयीने विचारलं, केवढ्याचा आहे. पलीकडे सुकलालने कुणाला तरी विचारलं आणि सांगितलं, "साहेब म्हणू राहिले, दीडशे एचपी."

सरुबाईच्या हातातली वायर सुटली. तिच्या उभ्या आयुष्यातली सर्वांत मोठी मोटर पंधरा एचपीची, आणि ती उचलायला चार माणसं लागली होती. दीडशेची मोटर कुणी बसवली, कधी बसवली, एवढं पाणी तापीतून तरी निघेल का? लीलाधरला कळवून त्याची वाट बघावी हे शहाणपणाचं होतं. पण दीडशे एचपीचा पंप बघायचा राहून गेला तर जन्म फुकट, असं तिला अगदी मनापासून वाटलं. तिने शटर ओढलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा भरदिवसा ओढलं. दोर, दोन पाइप पाने, करंट बघायचा दिवा आणि हत्यारांची पिशवी स्कूटीवर लादून ती निघाली.

फाट्यावर विहीर नव्हती, बोअर नव्हता, पाण्याची टाकीही नव्हती. निंबाखाली एक लालभडक, बुटकी, दोन सिटांची गाडी उभी होती आणि सुकलालची शेळी तिचा आरसा चाटत होती. सुकलालने ट्रॅक्टरला बांधून ती रस्त्यावरून तिथे आणली होती. शेजारी पस्तिशीचा एक माणूस फोनवर कुणाची तरी मनधरणी करत होता. सरुबाईने खांद्यावरचा दोर खाली ठेवला आणि सुकलालला विचारलं, पंप कुठे आहे.

"याच्यात," सुकलाल गाडीकडे बोट दाखवत म्हणाला.

दीडशे एचपीचं इंजिन होतं. पंप तर पेट्रोलच्या टाकीतला, मुठीएवढा. आपला किती मोठा पोपट झाला हे सरुबाईला कळलं आणि ती हसायलाच लागली. गाडीवाला मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्याचं नाव निरंजन. आईवडील नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला होते, तो तिथेच वाढला, आता पुण्यात असतो. ही तीस वर्षांची परदेशी गाडी त्याने भंगारातून उचलून दोन वर्षं स्वतः घासूनपुसून उभी केली होती. आज संध्याकाळी सातच्या आत इंदूरला जुन्या गाड्यांच्या मेळ्यात नोंद व्हायला हवी होती, आणि त्यासाठी दोनला बुऱ्हाणपूर सोडणं भाग होतं. इंदूरचे मिस्त्री उद्या येतो म्हणत होते. त्याने सरुबाईकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं, रस्त्यावर लांबवर पाहिलं, आणि मिस्त्री कुठे आहेत असं विचारलं.

सुकलालला शंका आली नाही. म्हणाला, ह्याच.

सरुबाईने लीलाधरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काळजीनेच सांगितलं, गाडीचं काम आपलं नाही, पेट्रोल आहे, हात लावू नको, मी पाचपर्यंत येतो. पाच म्हणजे निरंजनसाठी उद्याच. सरुबाईने फोन पिशवीत टाकला. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकली, टाकीवर बोटाने टिचकी मारली आणि निरंजनला एकच प्रश्न विचारला.

"पंप पेट्रोलात बुडालेला असतो का?"

"हो, पूर्ण."

"आत मोटर आणि तिच्या शेंड्याला पंखा?"

"साधारण तसंच."

"मग तो सबमर्सिबलच झाला," सरुबाई म्हणाली आणि पदर खोचला.

पुढच्या दोन तासांत निंबाखाली जे चाललं ते सुकलाल आजही हातवारे करून सांगतो. सगळ्यात आधी तिने त्याच्या तोंडातली बिडी काढून लांब ओल्या चारीत फेकायला लावली आणि शेळी सोडून न्यायला सांगितली. पंपाचा फ्यूज काढून निरंजनला दोनदा सेल्फ मारायला लावला, म्हणजे नळीत दाबून राहिलेलं पेट्रोल उतरलं. मग बॅटरीची वायर सोडली. सीटच्या मागे गालिच्याखाली गोल झाकण होतं. ते काढल्यावर टाकीच्या तोंडाशी पंप धरून ठेवणारी प्लास्टिकची कडी दिसली, तीस वर्षांची घट्ट बसलेली. निरंजन लोखंडी पेचकस लावणार तोच तिने त्याचा हात धरला. पेचकस टाकीच्या पत्र्यावर आपटून ठिणगी पडली तर इंदूर सोडा, निंबही राहिला नसता. वायर खाचेत दाबायची बांबूची चपटी पट्टी तिच्याकडे असतेच. ती कडीच्या दात्याला लावून तिने लाकडी हातोडीने हलके ठोके दिले, एक इकडे, एक तिकडे. सातव्या ठोक्याला कडी फिरली. निरंजनने इतका वेळ श्वास धरून ठेवला होता, तो सोडला.

पंप बाहेर आला. तो सिगारेटच्या पाकिटाएवढा, आणि सरुबाई त्याच्याकडे नव्या बाळाकडे पाहावं तशी पाहत राहिली. तिने तो फडक्याने पुसून गाडीपासून दूर नेला आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर क्षणभर लावून पाहिला. काहीच नाही. हाताने पंखा फिरवला तर अडकला. आतलं कार्बन संपलं होतं. ही मोटर भरून होण्यासारखी नव्हती, बदलायलाच हवी होती. तिने दोऱ्याने घेर मोजला, पट्टीवर धरला आणि लालबागेत स्पेअर पार्टचं दुकान चालवणाऱ्या विपुलला फोन करून जाडी, लांबी आणि निरंजनला विचारून दाब सांगितला. विपुल म्हणाला, एवढी मापं सांगून पार्ट मागणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटतंय. त्या मापाचा पंप एका साध्या छोट्या गाडीत बसतो आणि तो त्याच्याकडे होता. सुकलाल मोटरसायकलवरून गेला आणि पाऊण तासात घेऊन आला. येताना त्याने मावा जिलेबीही आणली, कारण नारळाचं दुकान रस्त्यात नव्हतं.

तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. नवा पंप जुन्या सांगाड्यात अचूक बसला. फक्त वायरीचा प्लग वेगळा निघाला, तो कापून जोडावा लागणार होता. सरुबाईने सवयीने सबमर्सिबलची काळी टेप काढली आणि तशीच परत पिशवीत टाकली. पाण्यात ती टेप दहा वर्षं टिकते, पेट्रोलात तिचा डिंक दहा दिवसांत विरघळला असता. पंपासोबत वायरी जोडायची, पेट्रोलात टिकणारी बारीक नळकांडी आली होती, तिने जोड त्यांनीच दाबून पक्के केले. मग पंप टाकीत उतरला, कडी फिरली, बॅटरी जोडली, फ्यूज बसला. एक चाळीस.

निरंजनने किल्ली फिरवली. सेल्फ घर्र घर्र करत राहिला. इंजिन उठलं नाही. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

निरंजनने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. सुकलाल जिलेबीचा पुडा मागे लपवून उभा राहिला. सरुबाईला बावीस वर्षांचं सगळं एकदम आठवलं, पाटी, शटर, फोनमधली धार. पाचला लीलाधर येईल, गप्प बसून पाहील, काही बोलणार नाही, आणि ते न बोलणंच तिला आयुष्यभर पुरेल. तिने निरंजनला सांगितलं, आणखी एकदा, पण सेल्फ मारू नका, नुसती किल्ली अर्धी फिरवा. आणि तिने सीटमागे डोकं घालून टाकीच्या झाकणाला कान लावला.

आत मोटर फिरत होती. पण सूर पोकळ होता. जोर न लागता मोटर नुसती सुसाट पळते तेव्हा असाच सूर येतो. दुकानात टेबलावर तिने तो शंभरदा ऐकला होता.

"उलटी फिरू राहिली ती," सरुबाई म्हणाली.

चूक तिचीच होती, आणि ती तिच्याच धंद्यातल्या बाईकडून व्हावी अशी होती. गाडीच्या दोन वायरी, एक काळी, एक तपकिरी. बोअरच्या धंद्यात काळी म्हणजे थंडी वायर, न्यूट्रल. हात आपोआप तिकडे गेला होता. त्या परदेशी गाडीत मात्र करंट काळीतून यायचा आणि तपकिरी थंडी होती. बॅटरी सुटलेली असल्यामुळे दिवा लावून तपासणंही झालं नव्हतं. तिने कबूल केलं, अगदी सरळ, मी उलटं जोडलं म्हणून. निरंजन घड्याळाकडे बघत होता, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती, घाई होती, आणि तिची ती घाई त्यालाही चढली. त्याने स्वतःच उडी मारून बॅटरी सोडली. पुन्हा फ्यूज, पुन्हा झाकण, पुन्हा बांबूची पट्टी. कडी या वेळी तिसऱ्या ठोक्याला आली. सरुबाईने जोड कापले, वायरींची अदलाबदल केली, उरलेल्या दोन नळकांड्यांनी पुन्हा पक्के केले. आता बॅटरी जोडल्यावर तिने आधी प्लगवर दिवा लावला, काळीत करंट दिसला, तेव्हाच प्लग दाबला. दोनला तीन मिनिटं कमी होती.

निरंजन सीटवर बसणार तेवढ्यात सुकलालने त्याला अडवलं. "साहेब, पहिलं पाणी मिस्त्रीचं राहते."

निरंजनला काही कळेना. सुकलालने त्याला रीत समजावली, नारळ, धार, हात धुणं, सगळं. निरंजनने एकदा घड्याळ पाहिलं, एकदा सरुबाईकडे. मग किल्ली तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.

त्या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवरच्या पाटावर बसणं. सरुबाई बसली. किल्ली अर्धी फिरवून थांबली. मागून सूर आला, भरलेला, दाबाचा, दोन सेकंदांत स्थिर झालेला. तिने किल्ली पुरती फिरवली.

गाडी अशी गरजली की केळीच्या बागेतून बगळे उडाले. सुकलालने जिलेबीचा पुडाच फोडला. निरंजन दोन्ही हात डोक्यावर ठेवून गाडीभोवती धावत सुटला, पुण्यातला शहाणा माणूस आणि म्हाताऱ्या गाडीपायी एवढा वेडा. सरुबाई स्टिअरिंग धरून बसली होती. दीडशे एचपी तिच्या पाठीत, तळपायात थरथरत होते, आणि ते तिने स्वतः, स्वतःच्या डोळ्यांदेखत चालू केले होते.

पिशवीत फोन वाजला. जसोंडीहून लीलाधर. दोन वाजले तरी शटर बंदच आहे असं शेजाऱ्याने कळवलं होतं, आवाजात धास्ती होती. काय झालं, तू ठीक आहेस ना, असं तो विचारत राहिला. सरुबाईने हात लांब करून फोन खिडकीबाहेर इंजिनाच्या दिशेला धरला आणि पायाने जरा जोर दिला. मग फोन कानाला लावला.

"ऐकलं? पाणी आलं."

पलीकडून लीलाधर हळूच म्हणाला, "हात धुतले का?"

सरुबाईने आपले हात पाहिले. पेट्रोलचा वास, नखांत काळं, अंगठ्यावर पट्टीचा वळ.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही या, बघा, मग धुते."