क्लीऑनचे बूट

अलाबामातल्या कापडगिरणीत व्हर्जिल हॅस्कूने तीस वर्षं माग चालवले. एवढा खडखडाट सोसल्यावर कान शाबूत राहतील कसे? त्याचे गेले. पण पठ्ठ्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शनिवारी तो रेबर्नच्या रॉक अँड रोल बँडमध्ये ड्रम वाजवायचा, आणि ती जागा गेली असती तर त्याच्याकडे नुसती गिरणीच उरली असती.

रेबर्नच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग कापसाच्या जुन्या वखारीत होतं. सगळे एकाच खोलीत, एकदमच वाजवणार. कुणी शिंकलं तरी ते टेपवर. म्हणून बेसवाला क्लीऑन रेकॉर्डिंगला नुसत्या मोज्यांवर उभा राही. त्या दिवशी मात्र तो मामाला पुरून तडक आला आणि पायातले बूट काढायचे विसरला.

गाणं संपलं तसे काचेमागे बसून रेकॉर्डिंग करणारे मिस्टर लॉव्हेल बाहेर आले. "प्रत्येक कडव्याआधी हे धाडधाड काय आहे?"

क्लीऑनने मान खाली घातली. व्हर्जिलला प्रश्न ऐकू आला नाही, पण कुणीच आपल्याकडे बघत नाही हे दिसलं. तीन वर्षं कडव्याच्या आधी त्याच्या स्टुलाखालची फळी थरथरायची. गिटारमुळे, असं तो धरून चालला होता. आता त्याला ते बूट दिसले, आणि आपल्याला इशारा द्यायला कोण पाय आपटत होतं ते कळलं.

"मला ऐकू येत नाही," तो उठून म्हणाला. "दुसरा कुणी बघा."

"कधीचं माहितीये," रेबर्न त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. "बस खाली, म्हाताऱ्या. मिस्टर लॉव्हेल, तो पाय राहू द्या. तोही आमच्यातलाच आहे."

व्हर्जिलचे डोळे भरून आले. आभार कसे मानतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "बूट झकास आहेत," तो क्लीऑनला म्हणाला.

"मामाचे. त्याला आता कुठे जायचंय?"

घरी जेवताना व्हर्जिलने बायकोला, ओडेसाला, एकदाचं सगळं सांगून टाकलं.

"मग मी तीन वर्षं घसा फोडतेय ती काय हौस म्हणून?" ती ओरडली.

व्हर्जिल बघतच राहिला. ती आपल्यावर चिडलीय असं समजून तो बिचारा तीन वर्षं निमूट भांडी घासत होता.

"आता कळलंय, तर ओरडणं बंद करू?"

"नको," व्हर्जिल म्हणाला. "ओरडत राहा."