फुंकऱ्याचा बाक

…तर काल आपण बाकापर्यंत आलो होतो. बाकाचं सांगतोच, पण आधी त्यावर पसरणाऱ्या माणसाचं ऐका.

त्याला सगळे फुंकऱ्या म्हणत. जाड पत्रे कापायच्या प्लाझ्मा मशीनचा तो राखणदार. मशीन अडलं की हा ज्वाला सोडणाऱ्या टॉर्चच्या तोंडचं नोझल काढायचा, डोळ्यापुढं धरायचा, फुंकर मारायचा, शर्टाला पुसायचा आणि परत बसवायचा. झाली दुरुस्ती! ऐट अशी, की विजेचा शोध याच्याच आजोबांनी लावलेला. कोणी मदतीला वाकलं की म्हणे, "हात लावू नका. तिला परका हात खपत नाही." याचाही हात तिला फारसा लागत नसे, ते सोडा.

कारखाना त्याच्या मेहुण्यांचा. शाळेत वर्ग झाडायची पाळी आली की याचं पोट दुखे. मोठेपणी जिथं चिकटला तिथं पाठ दुखली. शेवटी थोरल्या बहिणीनं नवऱ्यापुढं शब्द टाकून त्याला इथं आणला, आणि तेव्हापासून त्याचा प्रत्येक वाकडा काप तिच्या माथी.

त्या दिवशी जिन्याच्या पायऱ्या कापायच्या होत्या. ज्वाला तडतडायला लागली, मग थुंकायला लागली. काप तिरका, खालच्या कडेला लोखंडाचे मणी लोंबलेले. नवं नोझल बसवलं, तर तेही बघता बघता भोकाशी झिजून गेलं. मेहुणे तिथंच हिशेब बघणाऱ्या बायकोकडे, म्हणजे फुंकऱ्याच्या ताईकडे वळले.

"आज संध्याकाळपर्यंत मशीन चाललं तर ठीक. नाहीतर तुझा भाऊ उद्यापासून घरी. आणि पुन्हा माहेरच्या कोणासाठी माझ्याकडे शब्द टाकायचा नाही."

ताई चष्मा वर सरकवून भावापाशी गेली.

"काय झालंय हिला?"

"पत्रा हलका आहे."

"आणि काल?"

"काल वीज हलकी होती."

"तुझं डोकं तेवढं रोजच हलकं."

तिनं मशीनमागं पाहिलं. हवा गाळायची काचेची वाटी पाण्यानं काठोकाठ भरलेली.

"अरे, मासे सोडलेस का यात?"

"हवेत ओल असायचीच, ताई."

"हवेत असू दे. टॉर्चमध्ये जाऊ नये, म्हणून तर ही वाटी ना!"

हवेची नळी धरून ती मागच्या खोलीत, टॉर्चला दाबलेली हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी पोचली. तिथं, उबेच्या भिंतीला लागून, तो बाक. उशी, चादर, सगळा संसार. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटून टाकीच्या तळाशी साचतं. ते अधूनमधून आपोआप बाहेर पडावं म्हणून खाली एक झडप होती. ती उघडली की 'फुस्स' आवाज होई. त्या फुस्सनं फुंकऱ्यासाहेबांची दुपारची झोप मोडायची. म्हणून साहेबांनी झडपेच्या आधीचा कॉक बंद केला होता आणि कोणी चुकून फिरवू नये म्हणून वर जुना पायमोजा गुंडाळला होता. साऱ्या आयुष्यात एवढं एकच काम त्यानं निगुतीनं केलं होतं.

ताईनं कॉम्प्रेसर बंद केला, दोन बोटांत धरून पायमोजा सोडला, कॉक उघडला. आतून चहाच्या रंगाचं गंजकं पाणी असं सुटलं, की फुंकऱ्याच्या चपला बाकाखालून तरंगत बाहेर आल्या.

टाकी रिकामी झाली, वाटी पुसली, नळीतली ओल कोरड्या हवेनं काढली. कपाटातलं शेवटचं नोझल आणि त्याच्या आत बसणारा नवा इलेक्ट्रोड तिनं स्वतः बसवले. मशीन सुरू झालं. ज्वाला सळसळत निघाली, काप पट्टीनं आखल्यासारखा सरळ. मेहुण्यांनी पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि पुढचा पत्रा सरकवला.

तेव्हा ताईनं भावापुढं हात पसरला.

"मशीनच्या किल्ल्या आण. उद्यापासून मशीन मी बघणार. तू रोज ही टाकी रिकामी करायची आणि झाडू मारायचा. जमत असेल तर थांब, यांना मी सांगते. नसेल तर दार उघडंच आहे."

फुंकऱ्यानं गळ्यातल्या किल्ल्या काढल्या. राज्य सोडणाऱ्या राजासारखा लांब सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "घे ताई, किल्ल्या घे. पण बाक तेवढा हलवू नकोस. त्याचा बिचाऱ्याचा यात काय दोष?"