बाजाराच्या गच्चीवरचे रांजण

तक यॉन-जू कुठेही जेवायला गेली की आधी छताकडे बघते, ताटाकडे नंतर. वर तडा दिसला की खुर्ची सरकवून बसते, आणि सोबतच्याचा घास घशातच अडकतो. लहानपणी टीव्हीवर तिने एक मोठं बहुमजली दुकान कोसळून खाली बसलेलं बघितलं होतं. माणसं धुळीने पांढरी झाली होती. ती धूळ तिच्या डोक्यातून काही उतरली नाही.

अशा बाईला देगूच्या बागखात्याने काम तरी काय द्यावं? शहराच्या मधोमध जुना झाकलेला बाजार आहे, त्याच्या गच्चीवर सगळ्यांसाठी बाग आखायची. माती, गवत, बाकं, धावणारी पोरं, सगळं वर. आणि खाली किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, गाळ्यावर तिची स्वतःची आई, बुन-रे.

यॉन-जूने माती हलकी निवडली, थर पातळ ठेवला. भिजली तर किती जड होईल, वर बर्फ साचला तर काय, लोक एकाच कोपऱ्यात जमले तर काय. झोपेतही तिची बोटं हिशेब करत. एका हिशेबाला मात्र तिच्याकडे उत्तर नव्हतं. गच्चीवर बाजारातल्या बायकांचे रांजण होते, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे आणि काळ्या सोयारसाचे. काही तर सासूच्या सासूपासूनचे. आणि खात्याच्या मेंग साहेबांना हवा होता एक पाइन वृक्ष. "फोटोत काय दिसणार? गवत?" म्हणाले. गच्चीवर भक्कम जागा एकच, जुन्या पाण्याच्या टाकीचा चौथरा. तो पाइनला गेला. रांजणांनी खाली मागच्या अंगणात जायचं ठरलं.

बायका तयार झाल्या, पण दिवस आपला धरून. सुकट विकणारी माल-सून मावशी म्हणाली, "रांजण म्हणजे काय स्टूल आहे, उचललं आणि ठेवलं? बाधा फिरत असते चहूदिशांनी. ती वर आभाळात गेलेली असेल त्याच दिवशी हात लावीन."

यॉन-जू शिकलेली खरी, पण आईच्या हाताखालची. तिने मुकाट्याने चांद्र कॅलेंडर काढलं, बाधा नसलेला दिवस शोधला आणि त्याच्या दुसऱ्याच सकाळी, मोकळ्या झालेल्या गच्चीला पाणी न गळणारा लेप द्यायला माणसं बोलावली. पावसाळा तोंडावर होता. त्याआधी लेप बसला नाही तर बागच रद्द, असं साहेबांनी बजावलं होतं. दोन्ही तारखा एकमेकींना लागून बसल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

ठरलेल्या सकाळी तिने शिडीगाडीवाल्याला फोन केला. खिडकीतून सामान उतरवणारी ती लांब शिडीची गाडी.

"आज?" तो हसायलाच लागला. "बाई, चांगला दिवस बघूनच काढलात ना? अख्ख्या देगूने तोच बघितलाय. आज सगळं गाव घर बदलतंय."

दुसऱ्याने फोन उचलला नाही. तिसऱ्याने वैतागून ठेवला. इतकं सगळं मोजणारी बाई हे एक विसरली होती. गच्चीवर उभी राहून ती जिन्याकडे बघायला लागली.

जिना इतका अरुंद की माल-सून मावशी स्वतःच तिरकी होऊन चढते. रांजण कधीकाळी दोरीने वर ओढलेले. ओढणारेही गेले आणि दोरीही.

"उद्या करू की," कोणीतरी म्हणालं.

"उद्या? बाधा लागलेल्या दिवशी?" माल-सून मावशीने डोळे वटारले. "तुझ्या घरात कर!"

तेवढ्यात बुन-रे डोक्यावर चुंबळ ठेवून पुढे आली. "चला गं, एकेक डोक्यावरून उतरवू. जन्म गेला त्यात."

"आई, मानेला पट्टा लावतेस तू!"

"पट्टा काढला मी. चुंबळ बसत नाही त्याने."

यॉन-जूला जिन्यावरून घसरणारी आई आधी दिसली, मग आईमागे रांजण. ती जिन्याच्या दारात आडवी उभी राहिली. "कोणी खाली जायचं नाही. रांजण तिकडे सरकवा, चौथऱ्यावर."

"तिथे तर तुमच्या साहेबांचं झाड येणार ना?" एकीने विचारलं.

"नाही येणार."

म्हणाली खरी, आणि लगेच मनात ओझं मोजायला लागली. चौथऱ्याला लेप पाइनसाठी आधीच दिला होता, आणि टाकीभर पाणी त्याने वर्षानुवर्षं पेललं होतं. तरी तिने एकेकीला विचारलं, रांजण किती भरलाय. सोयारस किती उरलाय हे विचारणं म्हणजे बाईला वय विचारणं. माल-सून मावशी म्हणाली, "असेल निम्मा." झाकण काढलं तर काठोकाठ.

"मावशी!"

"शेजारणींसमोर विचारलंस की गं. भरलेला म्हटलं की उद्या सगळ्या वाट्या घेऊन दारात."

यॉन-जूने झाकणं स्वतः उघडली, हिशेब पुन्हा मांडला, पुन्हा पडताळला. मग सगळ्यांनी मिळून रांजण बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत नेले. बाधा परतायच्या आत शेवटचा चौथऱ्यावर चढला.

सकाळी लेपवाले आले, मागोमाग मेंग साहेब. "माझा पाइन कुठे बसणार?"

"बसणार नाही साहेब. दोन्हींचं ओझं एकत्र नको मला."

"जाहिरातीत छापलाय तो!" साहेब लाल झाले. मग खालून चढून आलेल्या, कमरेवर हात ठेवलेल्या बायकांची रांग त्यांना दिसली. आवाज उतरला. "छताला काही झालं तर तुझ्या माथी."

"माझ्याच माथी आहे," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पुन्हा काही तिला जेवण गेलं नाही.

पावसाच्या आत लेप वाळला, बाग झाली. आता दुपारी कचेरीतले लोक डबे घेऊन वर गवतावर बसतात, रांजणांपाशी फोटो काढतात, झाकण उचलून वास घेतात आणि माल-सून मावशीच्या शिव्या खातात. सगळे वर असतात तेव्हा बाग आखणारी खाली असते, आईच्या गाळ्यासमोर, छताकडे मान वर करून.

"वर जा की गं," बुन-रे किमची भरता भरता म्हणते. "तू अशी बघतेस आणि गिऱ्हाईक पळतं माझं."

"हो, जाते," यॉन-जू म्हणते, आणि जरा बाजूला सरकून पुढचा खांब बघते.