गाठ हाताला लागेनाशी झाली तेव्हा

माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या पोटरीत लिंबाएवढी गाठ आली. ती सगळ्यात आधी मी पाहिली आणि सगळ्यात उशिरा मीच मनावर घेतली. दाबली की पोरगी खिदळायची. “दुखत न्हाई म्हंजे काय न्हाई,” असा निकाल देऊन मी बागेत गेलो. तासगावात माझी द्राक्षं बरी येतात, त्यामुळे मला सगळ्यातलंच कळतं असा माझा समज.

बायकोनं ऐकलं नाही. सांगलीत स्कॅन झालं, सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पाय काढून समजावलं: स्नायू बनवणाऱ्या कोवळ्या पेशीच बिघडल्यात; हा लहान मुलांत होणारा कॅन्सर. कुणाच्या खाण्यापिण्यानं झालेला नाही. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, पुन्हा केमो.

तिसऱ्या केमोनंतर गाठ हाताला लागेना. पण पोरीचे केस गेलेले, तोंडात फोड, वरणभातही गिळवेना. पुढच्या तारखेला सकाळी मी जाहीर केलं, “बास आता. गाठ गेली. लेकराला किती छळायचं?”

बायको पिशवी भरत होती. मान वर न करता म्हणाली, “आवं, द्राक्षाच्या पानावरचा दावण्या रोगाचा डाग वाळला, की फवारणी बंद करता व्हय तुमी?”

“येडी का काय? आत ऱ्हातोय त्यो. सोडला की लय जोरात उसळतोय...”

एवढं बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

“मग घाला चपला,” ती म्हणाली.

माझ्या भाषणापायी एसटी गेली होती. भावकीतल्या एकाची गाडी मागून दोन तास उशिरा पोहोचलो. डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं: न दिसणाऱ्या पेशी उरतात, उपचार अर्धवट सोडले तर आजार उलटतो, आणि उलटलेला सहसा औषधाला दाद देत नाही. “हे मला म्हाईत हाय,” असं मी म्हणणार होतो. बायकोनं नुसतं पाहिलं. मी पोरीची टोपी सरळ केली.

पुढे ऑपरेशनमध्ये पोटरीचा लचका गेला, पाय राहिला. रेडिएशन झालं, उरलेले केमोही झाले. आता ती शाळेत जाते, जरा लंगडत पळते. ठरलेल्या तारखांना स्कॅन असतं. मागचं स्वच्छ आलं. डॉक्टरीणबाई ‘बरी झाली’ असं अजून म्हणत नाहीत. कुणी विचारलं तर मीही म्हणत नाही. जीभ वळवळते, पण म्हणत नाही.