कर्ता कोण, असे विचारणाऱ्या बाई

बाईंना कर्ता नसलेले वाक्य सहन होत नसे. भातात खडा लागावा तशा त्या अशा वाक्यापाशी थांबत आणि शांतपणे विचारत, "कर्ता कोण?" घरकामाला येणाऱ्या शांताबाईंनी "कप फुटला" असे सांगितले की बाई म्हणत, "कप आपणहून फुटत नसतो. फोडला म्हणा. मी रागवत नाही, पण फोडला म्हणा." आणि खरोखरच त्या रागवत नसत. हाच नियम त्या स्वतःलाही लावीत. भाजी खारट लागली तर पाहुण्यांसमोर निःसंकोच सांगत, "मी मीठ दोनदा घातलं." भाजी खारट 'झाली' असे त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नाही.

गारखेड्यात आमची घरे भिंतीला भिंत लावून होती. मी संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेला, त्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बालपण खुलताबादेत गेल्यामुळे त्यांच्या प्रमाण मराठीत मधूनच एखादा दखनी शब्द डोकावत असे आणि तो तेथे शोभून दिसे. एकदा आमच्या वसाहतीच्या फलकावर सूचना लागली, 'पाण्याची टाकी स्वच्छ करण्यात आली आहे.' बाईंनी खाली पेन्सिलीने लिहिले, 'कोणी?' काही दिवसांत ती सूचना फलकावरून उतरली आणि टाकी त्यानंतर खरोखर स्वच्छ झाली. वसाहतीचे सचिव मला म्हणाले, "शास्त्रीजी, या बाईंना व्याकरण शिकवलं कुणी हो?" मी म्हणालो, "मी नव्हे."

रविवारी सकाळी बाईंच्या बाहेरच्या खोलीत पदव्युत्तर शिक्षण संपवून संशोधनाकडे वळू पाहणारी मुले जमत. ती फेलोशिपचे अर्ज भरणारी मुले होती. वरवर पाहता फेलोशिप म्हणजे दरमहा मिळणारे विद्यावेतन. पण ही मुले ज्या घरांतून येत, तेथे 'अजून काही वर्षे शिकू द्या' असे म्हणण्यासाठी त्यांच्यापाशी दुसरा आधारच नव्हता. बाई आधी सर्वांना चुरमुऱ्यांचा सुशीला खायला घालीत, मग एकेकाला आपला संशोधन-आराखडा मोठ्याने वाचायला लावीत. तोही प्रथम मराठीत. "इंग्रजीत लबाडी लपते," त्या म्हणत. "मराठीत ती लगेच उघडी पडते."

मला त्यांनी प्रथम शेजारधर्म म्हणून बोलावले आणि पुढे पूर्वपक्षाच्या कामाला जुंपले. आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी विरोधकाचे म्हणणे पूर्ण बळ देऊन मांडावे, ही आपल्या शास्त्रांची रीत. तो विरोधक मी व्हावे, अशी त्यांची योजना होती. ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगण्याची परंपराही मी त्या मुलांना समजावली, कारण अर्जातील रकाने जवळजवळ तेच विचारीत होते. बाईंना ते फार आवडले. "पहिले तीन मुलं कुठूनही उतरवून आणतात, शास्त्रीबुवा. घोडं अडतं ते चौथ्यावर. हे काम करायचा अधिकार माझाच का, हे लिहायला हात धजत नाही." एका मुलाने आराखड्याचा शेवट 'आपल्या कृपेचा अभिलाषी' असा केला होता. बाईंनी ती ओळ खोडली. "कृपा हवी असेल तर भिंतीपलीकडं जा, तिथं यांचं देवघर आहे. इथं काम मागायचं."

मला प्रारंभी हे सारे थोडे खटकत असे. कर्तेपणाचा अभिमान सोडावा, करविता तो एकच, आपण निमित्तमात्र, असे मी आयुष्यभर सांगत आलो आणि आजही सांगतो. एका रविवारी मी ते बोलून दाखवले. बाईंनी माझ्या वाटीत आणखी सुशीला वाढला आणि म्हणाल्या, "देवाचं कर्तेपण देवाजवळ सुखरूप आहे. पण प्रयोगातल्या गोगलगायी कोणी मोजल्या, हे सांगायला तो मुलाखतीला येणार नाही." मला ते पटले असे मात्र म्हणवेना.

पटण्यास प्रारंभ झाला तो एका सधन शेतकरी घरातील मुलामुळे. त्याच्या आराखड्यात ओळीओळीला 'मी' होता. मी जमिनीचे नमुने घेतले, मी खड्डे खणले, मी मातीचे परीक्षण केले. बाईंनी त्याला तळहात पुढे करायला सांगितले.

"खड्डे तू खणलेस?"

"म्हणजे... गडी होते, बाई."

"आणि परीक्षण?"

"प्रयोगशाळेत दिलं होतं."

"मग तुझं काय?"

मुलाने आपल्या मऊ तळहातांकडे पाहिले. "कुठं खणायचं, ते मी ठरवलं."

"वा. एवढंच लिही. ते लहान नाही." बाईंनी त्याचे बाकीचे सगळे 'मी' काढून टाकले आणि तो एक ठेवला. ज्यांचे लिखाण 'मी'ने भरलेले असे त्यांचा तो त्या कमी करीत आणि ज्यांचा हरवलेला असे त्यांना शोधून देत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

हरवलेला 'मी' शोधण्याचे सर्वांत अवघड प्रकरण वैजयंताचे होते. पैठणजवळच्या मेंढपाळ घरातली ही मुलगी. धरणाच्या फुगवट्यालगतच्या रानात तिच्या वडिलांचा, आबांचा, कळप चरत असे. मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरते, त्या खंगतात आणि मरतात, या रोगावर तिला संशोधन करायचे होते. रोगाचे कृमी पाणथळ जागेतल्या बारीक गोगलगायींतून गवतावर येतात, हे शास्त्राला माहीत होते. फुगवट्याच्या कोणत्या भागात आणि कोणत्या ऋतूत त्या वाढतात, हे तिला शोधायचे होते. आदल्या वर्षी तिचा अर्ज नाकारला गेला होता. आबांनी तिला आणखी एक संधी दिली होती. या खेपेसही नाही म्हटले गेले, तर गावाकडच्या खत-बियाण्यांच्या दुकानात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवलेली नोकरी तिने धरायची, असे ठरले होते. त्यात आबांचा दुष्टपणा नव्हता. मागे दोन भावंडे होती.

तिने वाचायला सुरुवात केली. 'काठावरील गवत रोगकारक असल्याचे मानले जाते. मृत मेंढीचे यकृत तपासण्यात आले. त्यात पर्णाकार कृमी आढळून आले.'

"थांब," बाई म्हणाल्या. "यकृत तपासलं कोणी?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे किती जण? सगळं घर सुऱ्या घेऊन बसलं होतं?"

मुले हसली. वैजयंताही ओढणी तोंडाशी धरून हसली. "नाय बाई. मी एकलीच. आबा बाजाराला गेलते. मेलेल्या मेंढीचं काळीज चिरलं तर आत पानावानी चपटे किडे. आईला अजून ठाव नाय कोणत्या विळीवर चिरलं ते."

"मग 'मी चिरलं' लिहायला काय झालं?"

"लई गर्वाचं वाटतंय. आबा बसलेले असले तर आमच्यात कुणी मी म्हणत नाय. समदं आबांचंच की. मेंढरं त्यांची, रान त्यांच्या पायाखालचं."

"बरं. काठाचं गवत वाईट, हे कोण मानतं?"

"आबा."

"मग तिथं वडिलांचं नाव लिही. 'मानले जाते' कशाला? एवढा मोठा माणूस तू एका शब्दात पुसून टाकलास. आणि काळीज तू चिरलंस, तिथं तू. आबांचं आबांना, तुझं तुला. यात गर्व कुठं आला? खामोखा त्यांच्या मागं लपतेस. उद्या सगळं चुकीचं निघालं तर दोषही आबांच्याच माथी मारणार का?"

वैजयंता खाली पाहत होती. मग ती म्हणाली, "नाय. तो माझा."

त्या क्षणी माझ्या मनातील गाठ सुटली. मी ज्याला अहंकार समजत होतो, ते ओझे होते. आणि बाई त्या मुलीला ते स्वतःच्या डोक्यावर घ्यायला शिकवीत होत्या. निमित्तमात्र असणाऱ्यालाही आपल्या वाट्याचे उचलावे लागतेच. पूर्वपक्षाची माझी भूमिका मी त्यानंतरही सोडली नाही, पण ती पूर्वीपेक्षा आनंदाने केली.

अर्ज गेला, आणि काही महिन्यांनी मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखत संगणकाच्या पडद्यावर होणार होती आणि वैजयंताच्या गावात नेटचा भरवसा नव्हता, म्हणून ती बाईंच्या घरी आली. बाईंनी सकाळीच भिंतीपलीकडून मला बजावले, "आज घंटा नको, शास्त्रीबुवा. देवाला खुणेनं सांगा." मी पूजा मुकाट्याने उरकली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. कुकरला त्या दिवशी सुट्टी होती. दाराआडून बाईंना आणि मला सारे ऐकू येत होते.

वैजयंताचे इंग्रजी साधे होते, पण एकही वाक्य अधांतरी नव्हते. एका परीक्षकांनी जरा खोचकपणे विचारले, "तुमच्या आराखड्याचं पहिलंच वाक्य तुमच्या वडिलांचं म्हणणं सांगतं. हा काय पुरावा झाला?"

माझे नामस्मरण थांबले. बाईंनी ओट्याची कड धरली.

"नाही, सर," ती म्हणाली. "ते पुरावा नाही. तो प्रश्न आहे, आणि तो माझ्या वडिलांचा आहे. पुरावा मी गोळा करणार आहे."

"आणि वडील चुकीचे ठरले तर?"

"तर घरी जाऊन मलाच सांगावं लागेल. ते अवघड आहे. पण मी सांगेन."

पलीकडे कोणीतरी हसले. ते हसणे चांगले होते. बाईंनी ओट्याची कड सोडली आणि पातेल्यात चहाचे पाणी ओतले.

निकाल लागला तेव्हा वैजयंताचा फोन आला. तिला वाटले, आता बाईंना आवडेल असेच बोलावे. ती म्हणाली, "बाई, मी फेलोशिप मिळवली." बाई म्हणाल्या, "छे, दिली त्यांनी. अर्ज तू केलास, देणारे ते. तुझं काम उद्यापासून." फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसला, आणि शांताबाईंना पेढे आणायला पाठवले.

बाई गेल्या, त्याला आता वर्ष होत आले. शेवटचे काही महिने हृदयाच्या दुखण्याने त्यांना जिना चढणे बंद झाले होते. लेक नागपूरहून येऊन राहिली होती. तरीही त्यांनी एक प्रवास हट्टाने केला आणि मला बरोबर घेतले. वैजयंताचे पहिल्या वर्षाचे काम पूर्ण झाले होते आणि ती आबांना निष्कर्ष सांगणार होती. "मी ऐकायला येणार," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी नको म्हटल्याचे लेकीने सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांनी नको म्हटलं, मी जाते म्हणते. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत." आम्ही एस.टी.ने पैठणला गेलो आणि तेथून रिक्षाने फुगवट्यापर्यंत.

पावसाळा सरला होता. पाणी मागे हटू लागले होते आणि त्याच्या मागोमाग गवत उगवत होते. आबा उंच, कृश, फेट्यातले गृहस्थ. त्यांनी बाईंसाठी घोंगडी अंथरली आणि स्वतः उभेच राहिले. काठाच्या गवताचा धोका टाळण्यासाठी ते वर्षानुवर्षे कळप कालव्याच्या पाझराकडे नेत आले होते. तेथले पाणी नितळ, म्हणून जागा निर्धोक, असा त्यांचा विश्वास होता. आत्ताही कळपाचे तोंड तिकडेच होते.

वैजयंता त्यांच्यासमोर उभी राहिली. "आबा, काठाचं गवत तेवढं वाईट नाय. गोगलगायी पाझराला हायेत. लई हायेत. मी बारा महिने बघितल्या. तुमी जिथं वाचवायला न्यायचे, तिथंच मेंढरं आजारी पडत व्हती."

आबा पाझराकडे पाहत राहिले. त्या वाटेने त्यांनी किती मेंढ्या नेल्या असतील आणि त्यांतल्या किती गमावल्या असतील, याचा विचार त्यांच्या मनात चालला असावा. मी मनोमन प्रार्थना केली. बाई घोंगडीवर निश्चल बसल्या होत्या.

"मंजे मीच नेत व्हतो," आबा म्हणाले.

"तुमाला ठाव नव्हतं, आबा."

"ठाव नसू दे. नेत तर व्हतो." त्यांनी तोंडाने एक आवाज काढला आणि पाझराकडे निघालेली पुढची मेंढरे थबकली. मग ते मुलीकडे वळले. "आता कुठं न्यायची?"

तिने माळाकडच्या उताराकडे हात केला.

"मग पुढं हो तू. तुझ्यामागं येतील ती. मी मागून लंगडी-पांगळी हाकतो." ते दोन पावले गेले, थांबले आणि बाईंकडे पाहून नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमी बी माझ्याच संगं या. आपल्याला काय घाई हाय."

बाई मोठ्याने हसल्या. माझ्या हाताचा आधार घेऊन त्या उठल्या, पदर खोचला आणि कळपाच्या शेवटी, लंगड्या मेंढरांच्या चालीने, आबांशी बोलत बोलत चालू लागल्या.