सूप वर असताना

ठाण्यापासून कल्याणपर्यंत सावधगिरीची बदनामी जर कोण्या एका माणसाने केली असेल, तर ती माझ्या आतोबांनी. माझ्या सख्ख्या आत्याचे हे यजमान सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होते, आणि नोकरीतून मोकळे झाल्यावर देखरेखीसाठी त्यांनी उरलेलं जग हाती घेतलं. दुसऱ्याच्या घरी खुर्चीवर बसण्याआधी ते ती चारी बाजूंनी हलवून बघत. टांग्यात चढण्याआधी चाकाच्या खिळीवर छत्रीची मूठ आपटत, आणि घोडा दचकला की टांगेवाल्याला म्हणत, "बघ, जनावर घाबरट आहे. मी चालत जातो." नौपाड्यातल्या एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब असा काही हलवून पाहिला की पूजेची मांडणी करणाऱ्या भटजींच्या डोक्यावर झालर आली. वर म्हणणं काय, तर "आत्ता कळलं ते बरं झालं ना? अक्षता टाकताना आली असती म्हणजे?" त्यावर मुलीचे वडील जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाने दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतून मोडीत निघालेला एक ट्रॅक्टर विकत आणला. आतोबांना शेत नव्हतं. कौलारू माडीचं घर, पुढे अंगण, कडेला दोन आंबे आणि एक फणस, एवढीच इस्टेट. पण त्या ट्रॅक्टरला पुढे दोन लोखंडी हात होते आणि हातांच्या टोकाला माती उचलायचं भलंमोठं पात्र होतं. आत्याने पहिल्याच दिवशी त्याला 'सूप' म्हटलं आणि तेच नाव पडलं. दांडी ओढली की सूप कुरकुरत माडीच्या उंचीला जाई. सुपाच्या पाठीशी एक खटका होता. तो ओढला की सूप पालथं होऊन आतला माल धाडकन खाली. मातीसाठी ही फार सोयीची गोष्ट होती. आतोबांनी मात्र सुपात माती कधी घातली नाही. त्यांनी नातेवाईक घातले.

"शिडी म्हणजे सापळा आहे रे, सापळा," ते मला म्हणाले. "शिडी घसरते, बांबू पिचतो. लोखंड पिचलेलं कधी बघितलंयस?" त्या दिवसापासून घरातली शिडी हद्दपार झाली. पावसाळ्यापूर्वी कौलं परतायची असोत, कैऱ्या उतरवायच्या असोत, माडीच्या खिडक्यांना रंग द्यायचा असो, जो पाहुणा हाती लागेल तो सुपात. सुपाला कठडा नव्हता, तळ गुळगुळीत होता, आणि माणूस व त्याचा कपाळमोक्ष यांच्यामध्ये तो एक गंजका खटका होता. त्या खटक्यावर आतोबांनी खास बंदोबस्त म्हणून लिंबू आणि मिरच्या बांधल्या होत्या. कोलशेतचे एक बडे जमीनमालक त्यांचे स्नेही होते, ते एकदा हा सोहळा बघून म्हणाले, "ओ आन्ना, ही त माती उचलाची गारी. तिचे मदी मानसा कनाला भरता?" आतोबा शांतपणे म्हणाले, "मातीसाठी कोणी शिट्टी वाजवत नाही. मी वाजवतो."

ही शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम असे. एक शिट्टी म्हणजे बसा, दोन म्हणजे हलू नका. पण सगळ्या नियमांचा राजा असलेला नियम एकच, आणि तो ते आल्यागेल्याला ऐकवत: "सूप वर असताना खाली कोणी उभं राहायचं नाही!" त्यासाठी अंगणात त्यांनी चुन्याची रेघ मारली होती. रेघेच्या आत मांजर शिरलं तरी शिट्टी होई. वरच्या माणसाचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला मला आठवत नाही. त्यांच्या थोरल्या जावयाला पहिल्या दिवाळसणाला आकाशकंदील लावायला वर चढवलं, नव्या रेशमी सदऱ्यानिशी, आणि ऐन वेळी दांडी अडकली. आतोबा दांडीशी झटत राहिले आणि आत्याने आंबे काढायच्या झेल्यातून, म्हणजे जाळी बांधलेल्या त्या लांब काठीने, जावईबापूंना चकल्या आणि करंज्या वर पोचवल्या. खाली उतरल्यावर ते बायकोला एवढंच म्हणाले, "पुढचा सण आपण आमच्याकडे करू."

आणि गंमत अशी, की आतोबा स्वतः कधी वर गेले नाहीत. विचारलं तर म्हणत, "मी वर गेलो तर खालची जबाबदारी कोण घेणार?" आम्हा भाच्यांचं त्यांच्याविषयीचं मत अगदी पक्कं होतं. दुसऱ्याच्या जिवावर शूर असलेला असा भित्रा माणूस आम्ही दुसरा पाहिला नव्हता, आणि हे आम्ही त्यांच्या पाठीमागे भरपूर बोलत असू.

एका खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा होती आणि माडीच्या सज्ज्यावर झेंडूचं तोरण लावायचं होतं. एव्हाना सगळे नातेवाईक शहाणे झाले होते. कोणाला ताप होता, कोणाला कल्याणला काम निघालं होतं. मी पाठीत उसण भरल्याचं सांगून ओसरीवर आडवा होतो. आतोबा शिट्टी घेऊन माणूस शोधत फिरू लागले, तेव्हा आत्याने नऊवारीचा पदर खोचला.

"सगळ्या गोतावळ्याला वर पाठवून झालं. आज मी जाते."

"अगं, तू?"

"का? माझ्यासाठी शिट्टी वाजत नाही का?"

आतोबांनी एक शिट्टी वाजवली. आत्या सुपात बसली, सूप वर गेलं. तोरण बरंच लांब होतं. त्याचं खालचं टोक वाऱ्याने उडू नये म्हणून आतोबांनी आधीच हाताशी सापडलेल्या एका मुठीला गाठ मारून ठेवलं होतं. ती मूठ त्या खटक्याची होती. आत्याने वर उभं राहून तोरण ताणलं, खटका खट्कन वाजला आणि सूप तिच्यासकट पुढे कललं. ती आत धपकन बसली. गंजामुळे खटका अर्ध्यात अडकला म्हणून सूप तिथेच थांबलं, पण आणखी एक हिसका बसता तर ती थेट फरशीवर आली असती.

आतोबांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. ते रेघ ओलांडून धावले आणि बरोबर सुपाखाली दोन्ही हात पसरून उभे राहिले. माझी पाठ त्या क्षणी बरी झाली. मी ओरडलो, "आतोबा, खाली उभं राहायचं नाही!"

"गप्प बस रे! ती वर आहे!"

वरून आत्या म्हणाली, "अहो, बाजूला व्हा ना. तुमच्या डोक्यावर येईल हे."

"येऊ दे. तू हलू नकोस." मग मला म्हणाले, "दांडी सोड. हळू!"

ज्या दांडीला त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता, ती मी इंच इंच सोडत गेलो. सुपाची कड त्यांच्या तळव्यांना टेकली, तशी ती घट्ट धरून ते वाकत गेले. सूप जमिनीला लागलं तेव्हा ते गुडघ्यांवर होते आणि समोर झेंडूच्या ढिगात आत्या बसली होती. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "एवढं टक्कल पडलंय होय तुम्हाला?" तिला हसू आलं. आतोबा मात्र रडले, अंगणात, शेजाऱ्यांदेखत, मोठ्याने. मला माझी आणि इतर भाच्यांची फार लाज वाटली.

सूप पुन्हा वर गेलं नाही. त्यात अखेर माती पडली आणि आत्याने झेंडू लावला. दरवर्षीचं तोरण त्याच फुलांचं होऊ लागलं, आणि शिडीही घरात परत आली. पुढे आत्या साध्या तापाने गेली, खालच्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर. तिथे आतोबांना कुठे हात पसरून उभं राहता आलं नाही.

त्यानंतरच्या खंडेनवमीला तोरण लावायला मी गेलो. शिडी भिंतीला टेकवली. ती ते हलवून बघतील म्हणून मी थांबलो, पण त्यांनी बघितली नाही. ते झेंडूकडे पाहत होते. मी चढलो, खिळ्याला दोरा गुंडाळला आणि खाली नजर टाकली. आतोबा शिडीच्या पायथ्याशी आले होते आणि दोन्ही हात पसरून, माझ्याकडे बघत उभे होते.

"आतोबा, बाजूला व्हा ना," मी म्हणालो.

ते हलले नाहीत. मी तोरण बांधलं आणि एक एक पायरी चाचपत, आयुष्यात कधी नव्हे इतक्या सावधगिरीने खाली उतरलो.