भुताळीचं नाव संगिता

संगिता माझी जुनी विद्यार्थिनी. तलासरीजवळच्या एका पाड्यावर ती अंगणवाडी चालवते. गोष्ट सांगताना ती कधी उभी राहत नाही. मुलांमध्ये मांडी घालून बसते आणि सांगता सांगता कुणाची तरी वेणी घालत असते.

मागच्या हिवाळ्यात मी डहाणूहून तिच्यासाठी चित्रांची पुस्तकं नेली. एका पुस्तकात शहरातली चेटकीण होती. सातव्या मजल्यावर राहायची, टोकदार टोपी घालायची आणि झाडूवर बसून ऑफिसला जायची. मुलांना भीती अशी वाटलीच नाही.

"झाडूवर बसते?" शुक्राची मुलगी निलम म्हणाली. "झाडूला पाय लागला तरी माझी आई धपाटा घालते!"

सगळी खो खो हसली. मग निलमच म्हणाली, "बाई, ही खोटी. आपल्याकडची सांगा, खरी."

"आपल्याकडची कोण?"

निलमने चुलीकडे बोट दाखवलं. तिथे जिवली खिचडी ढवळत होती.

जिवली अंगणवाडीची मदतनीस. नवरा वारला, मूलबाळ नाही, पाड्याच्या टोकाला एकटी राहते. पावसाळ्यात शुक्राचा धाकटा तापाने फणफणला होता. दवाखान्यातल्या औषधाने तो बरा झाला, पण तोवर शुक्राच्या आईने जिवलीला भुताळी, म्हणजे करणी करणारी चेटकीण, ठरवलं होतं. भुताळीच्या हातचं खायचं नाही, अशी तिथली समजूत. अर्धी मुलं न जेवता घरी जाऊ लागली. असंच चाललं असतं तर जिवलीचं काम गेलं असतं, आणि ते नाव चिकटलेल्या बाईला पाडाही ठेवून घेत नाही.

मुलं गेल्यावर संगिता मला म्हणाली, "गुरुजी, शहरातल्या चेटकिणीचं बरं असतं. पुस्तक मिटलं की ती आत राहते. आमच्या भुताळीला घर असतं, शेजारी असतात. गोष्ट संपली तरी तिला त्याच वाटेने पाण्याला जावं लागतं."

"मग ती गोष्ट सांगूच नको."

"मी नाही सांगितली तर त्यांच्या आज्या सांगतील. मीच सांगते."

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम गेलो. आया मुलांना न्यायला आल्या होत्या, त्यांच्यादेखतच तिने गोष्ट सुरू केली. बांधावरून दिवा चालत येतो, कुत्री गप्प होतात, गोठ्यातली गाय उठून उभी राहते. मुलं एकमेकांना चिकटली.

"आणि त्या भुताळीचं नाव होतं संगिता."

दारातल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. पाड्यात भुताळी हे नाव कुणी थट्टेतसुद्धा स्वतःला लावून घेत नाही.

"नाय बाई! तुम्ही नाय!" निलम रडायलाच लागली.

"का नाही? अंधारात मी कुठे असते, पाहिलंय कुणी?"

संध्याकाळी शुक्रा चिकूच्या वाडीवरून तडक तिच्या अंगणात आला. मी तिथेच चहा घेत होतो.

"बाई, काय करून बसलात? पोरगी जेवत नाय. ते नाव परत घ्या."

"कसं घ्यायचं परत?"

शुक्राला ते ठाऊक होतं. त्या बाईच्या हातचं चारचौघांत जेवलं की नाव उतरतं.

"वाढा मला," तो म्हणाला. "आत्ता बसतो."

"माझं मागाहून. आधी जिवलीचं उतरवा. ते तुमच्या घरातून निघालंय."

"आन आईला काय सांगू?"

"आईलाही घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, एकटाच. निलमला मांडीवर घेऊन अंगणवाडीच्या ओसरीवर बसला. आया गोळा झाल्या होत्या. जिवलीने त्याच्या ताटात खिचडी वाढली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"बघतोस काय? मंत्र नाय टाकला, मीठ टाकलंय. कमी असेल तर बोल."

शुक्राने घास घेतला, चावला, गिळला. "कमीच आहे," तो म्हणाला आणि दुसरा घास निलमला भरवला.

जिवलीने मिठाचा डबा त्याच्यापुढे आदळला. बाया हसल्या. त्यातल्या एकीने आपल्या पोराला पुढे ढकललं, "जा, बस पंगतीला."

संगिताने तिथल्या तिथे स्वतःचंही नाव उतरवून घेतलं. शुक्राला दुसऱ्यांदा तिने वाढलं.

शुक्राची आई काही आली नाही. मी विचारलं, तर संगिता म्हणाली, "येईल, गुरुजी. नातवंडं रोज जिवलीच्या खिचडीचं कौतुक सांगतील. किती दिवस तोंड फिरवून बसेल?"